बिनफितीचं गिटार

१.

दुपारचं जेवण झालं की आमची पार्टी मेल्यावानी झोपती. बाबासाहेबाची जयंती कॅलेंडरात येका दिवसाची, पर आमच्या परभणी जिल्ह्यात ती जून लागंपस्तोर चालती. आज ह्या गावाची, उद्या त्या गावाची. रातभर गायचं, पहाटं छोट्या हत्ती टेंपोत सामान कोंबायचं आन पुढच्या गावच्या शाळंत अंग टाकायचं. सुट्ट्या असतेत, शाळा रिकाम्या. म्या दहावीत दोनदा आपटून शाळा सोडली, आन आता रोज येका नव्या शाळंत झोपतो. मास्तर लोकाचा शाप, दुसरं काय.

पार्टी म्हंजे आमी चौघं. सूर्यभानमामा, ताडकळसचे, पार्टीचे मालक. पेटी वाजवतेत आन गातेत. सिद्धोधन ढोलकीवाला, त्यो बी गातो. माझी थोरली बहीण सुकेशनी, तिला मी अक्का म्हणतो; ती गायली की बाया डोळ्याला पदर लावतेत. आन मी बुद्धभूषण. आईबापानं नाव मोठं ठिवलं, लोकानं त्याचं भुश्या केलं. मी गिटार वाजवतो.

गायला मला येत न्हाई. पर कुणाचा बी आवाज काढायला येतो. मागच्या साली पडद्याआडून मामाच्या आवाजात जयंती कमिटीवाल्याला म्हणलं, "गायच्या आधी आमाला मटन लागतंय, न्हाईतर गळा बसतो." मटन आलं. मामानी पोटभर खाल्लं, हात धुतला, आन मंग त्याच हातानं मला हाणलं.

आता गिटाराचं. चार हायेत. चारी लाल, येकाच कंपनीची, येकाच मॉडेलची, शेजारी ठिवली तर सख्ख्या आईला वळखू येणार न्हाईत. नांदेडचा येक आर्केस्ट्रा बंद पडला तवा मामानी चारीच्या चारी उचलून आणली. लोकाला वाटतं शान मारायला. तसं न्हाई. मी मोबाईलवर बघून शिकलेला, माझी बोटं येकाच ठरलेल्या जागी बसतेत. गाणारे तीन, आन तिघाची पट्टी, म्हंजे पेटीवरच्या ज्या काळ्या-पांढऱ्या बटणावरनं गाणं धरायचं ती, वायली. मामाची काळी एक, सिद्धोधनची काळी दोन, अक्काची पार वर, काळी चार. मंग मामानी दिमाग लावला: बोटं बदलायची न्हाईत, गिटार बदलायचं. ज्याचं गाणं, त्याच्या पट्टीला तारा पिळून ठिवलेलं त्याचं गिटार. वळखायला वर खुंट्यापाशी फीत. मामाला निळी, सिद्धोधनला पिवळी, अक्काला पांढरी.

चौथं बिनफितीचं. कुणाची तार तुटली तर वापरायचं. मी त्याच्यावरच शिकलो. त्याची पट्टी पांढरी तीन, मामा-सिद्धोधनच्या वर आन अक्काच्या खाली.

"ते तुझं," मामा म्हणायचे. "तू बोलतूस बी त्याच्याच पट्टीत. ना वर ना खाली, मधीच लटकलेला."

परभणीच्या येका गिटारवाल्यानं आमची ही तऱ्हा बघितली आन पोट धरून हसला. म्हणला, कॅपो लाव की गड्या, चिमट्यावानी असतो, येका गिटारात समद्या पट्ट्या निघतेत. आणला व्हता आमी कॅपो. सिद्धोधननं पहिल्याच दिवशी त्यानं चड्डी वाळू घातली. वारं सुटलं, चड्डीसंगट कॅपो बी गेला.

२.

पालमच्या पुढं येका गावात शाळंच्या पत्र्याखाली आमी पडलो व्हतो. सगळे उठायच्या आधी तारा तपासायचं काम माझं. निळ्या फितीचं गिटार मांडीवर घेतलं, तार छेडली, आन मला वाटलं म्या चुकून बिनफितीचं उचललं.

फीत बघितली. निळीच.

पेटीवर सूर दाबून बघितला. मामाचं गिटार काळी एकला पाह्यजे, ते पांढरी तीनला व्हतं. सहाच्या सहा तारा, येकदम साफ, कुणीतरी बसून निवांत लावल्यावानी.

ऊन लय व्हतं. उन्हानं तार उतरती, हे मला बी माहीत हाय. पर मामाच्या तारा उतरल्या नव्हत्या. चढल्या व्हत्या. उन्हानं कुठली तार चढती?

म्या त्या उतरवल्या, लावल्या काळी एकला. तोंड धुऊन आलो तर पुन्ना पांढरी तीन.

"भुश्या," मामा चटईवरून डोळे न उघडता म्हणले, "सकाळधरनं काय टुणटुण लावलीस? झोपू दे की रं बाबा."

"मामा, तुमच्या गिटाराच्या तारा कोण पिळायलंय?"

"मागच्या पंधरा दिवसात माझ्या चपलीत शेण कोण घातलं?"

"म्या."

"मंग तारा बी तूच पिळल्यास. झोप."

कार्यक्रमाला तसंच निळ्या फितीचं घेतलं, म्हणलं मामा वर चढले की आवाज फाटंल, मंग पटंल माझं. मामाचा गळा तंबाखूनं जळालेला, काळी एकच्या वर गेले की कोंबडं मुरगळल्यावानी व्हतं. त्या दिवशी मामा पांढरी तीनला गायले. आडकाठी न्हाई, धाप न्हाई. गाणं झाल्यावर गळ्याला हात लावून म्हणले, "आज गळा लय हलका झालाय रं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसलो न्हाई. मला येवढंच वाटलं की मामाच्या आवाजात मामा कमी हायेत.

३.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी च्या पीत बसलेलो, आन अक्काच्या मोबाईलवर आदल्या दिवशीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लागलेलं.

"हे कोण गायलंय?" म्या इचारलं.

सिद्धोधन फिस्सकन हसला. "कोण म्हंजे? तूच की येडपटा. मामाच्या गाण्यात मधी घुसलास आन आता कोण म्हणून इचारतूस."

"मी कुठं गायलो? मी गिटार वाजवत व्हतो."

"आवाज तुझा हाय. माझ्या कानाला काय झालंय का?"

स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगात वळखू येत न्हाई म्हणतेत. मोबाईल कानाला लावून म्या पुन्ना ऐकलं. मंग व्हिडिओ बघितला, त्यात मामाचं तोंड हलायलं व्हतं आन आवाज असा, की तोंडात बडीशेप ठिवून बोलतंय कुणीतरी. मी तसंच बोलतो. माझा पुढचा दात अर्धा हाय.

म्या अक्काकडं बघितलं. तिनं माझ्या हातनं मोबाईल घेतला, बंद केला आन दोन्ही हातात धरून बसली.

मला वाटलं, बरं हाय, हे तिघं मिळून माझा बदला घ्यायलेत. चपलीतल्या शेणाचा, सिद्धोधनच्या तंबाखूत कालवलेल्या मिरचीचा. मोबाईलमधी आवाज बदलायचं काहीतरी येतंच की. मनातल्या मनात म्या त्यांची तारीफ बी केली.

त्या दुपारी पिवळ्या फितीचं गिटार बी पांढरी तीनला व्हतं.

४.

बदला घेणाऱ्याला पकडायचं तर म्या काय केलं, चारी गिटारं पुढच्या गावच्या शाळंत पयलीच्या वर्गात ठिवली. दाराला कुलूप लावलं, चावी करगोट्याला. फळ्यापाशी खडूचे तुकडे व्हते, ते चुरून दारापासनं गिटारापस्तोर फरशीवर पसरले. कुणाचा बी पाय उमटंल. आन मी व्हरांड्यात दाराला पाठ लावून बसलो.

ऊन असं की शाळंसमोरचं लिंबाचं झाड बी हलंना. कावळा न्हाई, कुत्रं न्हाई. शेजारच्या वर्गात मामा आन सिद्धोधन झोपलेले, पल्याडच्या वर्गात अक्का. आठ दिसाची झोप डोळ्यात साचलेली, पापणी मिटली की उघडाया नको वाटायचं.

वायर न लावलेलं गिटार डासावानी बोलतं. लय बारीक. मला ते आतून ऐकू आलं. येक तार, टिंग. थोडं थांबून पुन्ना तीच, जरा वर. खुंटी पिळताना निघती तशी करकर.

म्या खिडकीतनं बघितलं. खडू जसाच्या तसा. गिटारं भितीला टेकलेली, चारी. कुणी न्हाई.

तेवढ्यात शेजारच्या वर्गातनं कुणीतरी म्हणलं, "अक्का, पाणी दे गं. घसा वाळलाय."

अक्का पल्याडनं तांब्या घेऊन आली, झोपंतनंच, सरळ मामाच्या वर्गात गेली. आतनं तिचा आवाज आला, "भुश्या, घे. कुठं हायेस?"

"मी हितं हाय," म्या व्हरांड्यातनं म्हणलं.

ती दारात आली. तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं. आमी दोघांनी बी दारातनं आत बघितलं. सिद्धोधन उताणा, तोंड उघडं. मामा भितीकडं तोंड करून झोपलेले. पाठीवर गंजिफ्राक घामानं चिकटलेला.

मामानी भितीकडं तोंड करूनच म्हणलं, "दे की गं अक्का."

मामा तिला कदीच अक्का म्हणत न्हाईत. सुकेशनी म्हणतेत.

आन आवाज माझा व्हता.

५.

संध्याकाळी अक्का मला हापशावर घेऊन गेली. हापशाच्या आवाजात बोललेलं कुणाला ऐकू जात न्हाई.

"खरं सांग भुश्या. तू न्हाईस ना?"

"आईची आण. ह्यात मी न्हाई."

"आईची आण तू मागच्या वेळंला बी घेतली व्हतीस. शेणाच्या वेळंला."

"तवा खोटी घेतली व्हती."

ती हसली न्हाई. हापसा दाबत राह्यली, घागर भरून वाहायली तरी दाबतच राह्यली.

"काल गाताना मला खाली उतरावं वाटायलं व्हतं," ती म्हणली. "काळी चारला उभी व्हते, आन आतून कुणीतरी म्हणायलंय, ये खाली, हितं बस, हितं बरं हाय. लय दमलेल्या माणसाला जागा द्यावी तसं."

"मंग गाऊच नको."

"सोमवारी रेकॉर्डिंग हाय."

ते मला बी माहीत व्हतं. परभणीला, स्टुडिओत, तिच्या येकटीच्या नावानं, पहिलं. आमचे आईबाप सा महिने कोयत्यावर असतेत, ऊस तोडायला. अक्का चौदाची असताना तिला बी न्हेलं व्हतं. पाचटानं कापलेले हात तिनं मला दाखवले व्हते. मंग मामानी तिचं गाणं ऐकलं, आन बापाला म्हणले ही पोरगी उसाच्या फडात न्हेऊ नको. तिच्या मागं लटकून मी बी वाचलो. दसऱ्यानंतर पुन्ना टोळी निघंल. गळा हाय तवर स्टेज. गळा गेला की कोयता, तिच्या हातात आन माझ्या बी.

"पांढऱ्या फितीचं गिटार मी संभाळतो," म्या म्हणलं. "त्याला कुणी हात लावणार न्हाई."

"झोपशील की मधीच."

"न्हाई झोपत."

"भुश्या, तू उभ्या उभ्या झोपतूस."

दोन दिस म्या ते गिटार मांडीवरनं खाली ठिवलं न्हाई. जेवताना बी, परसाकडं जाताना बी. सिद्धोधन चिडवायचा, "लगीन लाव आता त्याच्यासंगं." चिडवायचा माझ्याच आवाजात. हसायचा बी माझ्यावानी, नाकातनं. मामा आन त्यो दोघं बोलत बसले की मला वाटायचं मी येकटाच बडबडायलोय. त्यांना कायबी कळत नव्हतं. मी म्हणलं तर म्हणायचे, "पुरं कर रं नकला." मीच त्यांच्या नकला करायलोय, आसं त्यांना वाटायचं.

पांढऱ्या फितीच्या तारा उतरायल्याच व्हत्या. हळू. मांडीवर, माझ्या हाताखाली. मी वर न्यायचो, त्या खाली यायच्या. डुलकी लागली की जास्तीच.

६.

वालूरच्या शाळंत दुपारी अक्का झोपंत कुशीवर वळली आन कायतरी पुटपुटली. अर्धा शबूद तिचा व्हता. अर्धा माझा.

माझा दिमागच चालंना. म्या येवढाच इचार केला, तारच न्हाई तर पट्टी कुठली? पक्कड घेतली आन पांढऱ्या फितीच्या सहाच्या सहा तारा कापून काढल्या. शेवटची तुटताना हाताला लागली, रगत आलं. बरं वाटलं. आता पिळ म्हणलं, काय पिळतूस ते.

मनकर्णाबाई म्हणून गावातली म्हातारी आमच्यासाठी भाकरी घेऊन आली व्हती. व्हरांड्यात टोपलं ठिवून घाम पुसत म्हणली, "किती लेकरं आलाव रं तुमी? मघाधरनं येकाच पोराचा आवाज यायलाय, आन हितं तर ही येवढी मोठी माणसं."

"ह्यो भुश्या लय बडबड करतो, मावशी," मामा म्हणले.

"कोण भुश्या? तू का?" म्हातारी मामाकडंच बघून म्हणली.

मामा हसले. नाकातनं.

अक्का उठून बसली व्हती. म्हातारीनं तिच्याफुडं भाकरी ठिवली, इचारलं, "ठेचा पाह्यजे का गं बाई?" अक्कानं तोंड उघडलं. ओठ हलले. पुन्ना हलले. तिनं गळ्याला हात लावला, जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या. नुसतं वारं निघालं.

"मुकी हाय व्हय पोरगी?" म्हातारी हळूच म्हणली. "आरंरं. देखणी हाय बघ."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मंग माझ्या मांडीवरच्या बिनतारंच्या गिटाराकडं. मंग माझ्या हातातल्या पकडीकडं. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हातारी गेली. मामा आन सिद्धोधन येकदमच म्हणले, येकाच आवाजात, "तारा लाव, भुश्या. कार्यक्रम हाय."

म्या नव्या तारांच्या पाकिटातनं पहिली बारीक तार काढली. खुंटीत वोवली आन पिळायला लागलो. तार ढिली असताना कायबी न्हाई. जरा ताणली गेली, आन अक्काच्या गळ्यातनं घरघर निघाली. अजून पिळली. घरघरीचा सूर झाला, जाडा, गड्यावानी. मी खुंटी वर न्यायलोय आन समोर बसलेल्या माझ्या बहिणीच्या गळ्यातनं सूर वर चढायलाय. तिचं तोंड मिटलेलं. डोळ्यातनं पाणी. पांढरी तीनला आला तवा तो माझा आवाज व्हता, माझा, आन मला वाटलं आता तार हितंच अडकती.

दोन्ही हातानी पिळली. तार किणकिणली. तुटंल असं वाटलं. पेटीवर काळी चार दाबून धरायला अक्कानं सोताच हात पुढं केला.

सूर जुळला.

"बास," अक्का म्हणली. तिच्या आवाजात.

७.

आता मी बसलोय. येकच तार लावलीय. बाकीच्या पाच लावल्या न्हाईत. सहा खुंट्या धरायला हात कुठनं आणू?

मामा आन सिद्धोधन मांडवाकडं गेलेत. लाऊडस्पीकरवाला तिकडं हॅलो हॅलो करायलाय. अक्का माझ्यासमोर फरशीवर पडलीय, दमून झोप लागलीय तिला. झोपायच्या आधी म्हणली, "परभणीला बी असंच धरून बसशील?" म्या हो म्हणलं. स्टुडिओत बी बसंन, येष्टीत बी बसंन. रेकॉर्डिंगच्या पुढचं म्या काय ठरवलं न्हाई.

खुंटी बोटात सरकायलीय. जरा जरा. उन्हानं व्हत आसंल, लोखंड हाय शेवटी. मी वर नेतो, ती खाली येती. अंगठ्याला कापलेलं, घामानं चुरचुरतंय. पंजा बधिर झालाय, माझा हाय का कुणाचा कळंना.

"सोड की लेका. हात दुखंल."

अक्काचं तोंड मिटलेलं हाय. छाती वरखाली व्हायलीय, नीट झोपलीय ती. आवाज माझा हाय, पर म्या तोंड उघडलेलं न्हाई, दात दातावर ठिवलेत, अर्धा दात जिभंला टोचायलाय.

"किती दिस झोपला न्हाईस तू. ये, हितं बस. हितं बरं हाय."

माझ्या मागं, आवाज यायलाय तिकडं, भितीला बिनफितीचं गिटार टेकवलेलं हाय. बघायचं तर मान वळवावी लागंल, आन मान वळली की हात ढिला पडंल.

लय झोप यायलीय.